करकोच्याची छाती

"छाती कुठाय?" आप्पांनी विचारलं.

जेवणं उरकली होती, ताटं अजून टेबलावरच होती आणि टेबलाभोवतीच्या बाकी चौघांपैकी एकालाही या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं. आप्पांच्या हातात चांदीचं नाणं होतं. कडेला खाच मारून रद्द केलेलं, म्हणूनच ते टांकसाळीच्या फाटकाबाहेर येऊ शकलं होतं. तेही दादाने सही केल्यावर आणि पहारेकऱ्याने त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहून घेतल्यावर. आप्पा त्यावरून अंगठा फिरवत होते. चोच सापडली. पंखांची टोकं सापडली. डोक्यावरचा ताराही सापडला. मधे मात्र नुसतं गुळगुळीत.

"करकोच्याला छातीच नाही," ते म्हणाले. "हे राष्ट्रचिन्ह आहे की इस्त्री करून आणलेला रुमाल?"

आत्यांनी आधी धाकटीकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि मग आपल्या रिकाम्या ताटाकडे. आप्पांची ही थोरली बहीण. आप्पांची बायको गेल्यापासून या घरातल्या दोन्ही पोरांची नाकं हिनेच पुसली. त्यामुळे कोण रडणार आहे हे तिला रडणाऱ्याच्या आधी कळायचं.

गेल्या हिवाळ्यापासून आप्पांच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक काळा डाग येऊन बसला होता. कडेकडेचं दिसे, मधलं नाही. समोर माणूस बसला की त्याचे कान दिसत, तोंड नाही. "बरंय की," असं आत्या म्हणत, "तोंडं पाहण्यासारखी राहिलीत तरी कुणाची!" पण हे त्या स्वयंपाकघरात म्हणत, आणि म्हणून झालं की भांड्यांचा उगाच आवाज करत.

ज्या माणसाने उभा जन्म टांकसाळीत ठसे कोरण्यात घालवला, ज्याच्या हातचा करकोचा देशभर खिशाखिशात खुळखुळला, त्याला आता अंगठ्याने पाहावं लागत होतं. आणि अंगठा काही भिडस्त नव्हता.

"चांदी पुरत नाहीये, आप्पा," धाकटी शेवटी बोलली. "चकती दोन ठशांमध्ये दाबली की जिथं खोल जागा मिळेल तिथं चांदी धावते. माझ्या करकोच्याच्या छातीच्या बरोबर पाठीमागे दादाच्या दीपस्तंभाचा दिवा येतो. त्याच्या दिव्याचा उठाव जास्त, म्हणून ठसा तिथं खोल आहे. सगळी चांदी तिकडे पळते."

"पळते म्हणजे? मी काय शिट्टी मारून बोलावतो तिला?" दादा म्हणाला. "तू छाती उंच ठेवलीस म्हणून ती भरत नाही. उठाव जरा उतरव, आपोआप भरेल."

"उतरव? राष्ट्रचिन्ह आहे ते!"

"आणि माझा काय सायकलचा दिवा आहे?"

दीपस्तंभाच्या शताब्दीचं हे चांदीचं नाणं. एका बाजूला राष्ट्रचिन्ह: पंख पसरलेला करकोचा, पायाशी लव्हाळ्याच्या काड्या, माथ्यावर तारा. ते धाकटीचं. दुसऱ्या बाजूला लाटांच्या वर उभा दीपस्तंभ, तो दादाचा. सख्ख्या बहीण-भावांनी एकाच नाण्याच्या दोन बाजू करण्याची टांकसाळीतली ही पहिलीच वेळ. आत्यांनी ही बातमी इतक्यांदा सांगितली होती की गल्लीतल्या कुत्र्यांनाही ती पाठ झाली असावी.

"मग जोरात दाबा की," आत्या म्हणाल्या.

"दाबलं. एक ठसा तडकला."

"जाड चांदी घ्या."

"वजन कायद्याने ठरलंय, आत्या. गुंजभरही वाढवता येत नाही."

"म्हणजे दोन पोरं आणि एकच पांघरूण," आत्यांनी निकाल दिला. "एकाने ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे. लहानपणी तुमचं हेच होतं. मी मधे झोपायचे म्हणून दोघं जगलात."

कुणी हसलं नाही. उद्या सोमवार होता. टांकसाळीच्या समितीने दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं: कुणाची बाजू उतरवायची ते तुमचं तुम्ही ठरवा आणि सोमवारी सकाळी दुरुस्त नमुना घेऊन या, नाही ठरलं, तर दोन्ही बाजू बाहेरच्या कारखान्याला. तिथं संगणकावर एका दुपारीत दोन्ही बाजू तयार होतात आणि यंत्रं एकमेकांशी भांडत नाहीत. आजोबांपासून या देशाच्या नाण्यावर या घराचा हात फिरत आला होता. उद्या तो उठणार होता, आणि तोही दोन भावंडांच्या हट्टापायी.

"मला विचाराल तर," दादाची बायको म्हणाली, "चिन्हाला धक्का लागू नये हे धाकटीचं म्हणणं बरोबर आहे." दादाने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने घाईने जोडलं, "म्हणजे, तत्त्व म्हणून."

"तत्त्व म्हणून तू माझी बायको आहेस," दादा म्हणाला.

"अरे, ती दिवसभर लोकांच्या दातांत डोकावते, तिला काय कळतंय नाण्यातलं?" आत्या म्हणाल्या. त्या पहिल्यापासून दादाच्या बाजूच्या. पहिलं पोर ते पहिलं पोर. "थोरल्याने इतकी मेहनत केलीय. धाकटीचं हे पहिलंच चिन्ह. पुढच्या खेपेला मिळेलच की तिला."

"पुढची खेप असेल तर ना, आत्या," धाकटी म्हणाली.

आप्पांनी नाणं टेबलावर ठेवलं. ठेवलं ते आपल्या उजव्या हाताशी, करकोच्याची बाजू वर करून. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. भावंडं लहान होती तेव्हा मातीचे पक्षी करून आप्पांपुढे ठेवायची. आप्पा तोंडाने काही बोलायचे नाहीत. सरस असेल तो पक्षी उजवीकडे ठेवायचे, दुसरा डावीकडे, आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. दोघांच्या सगळ्या शाळेत मिळून जेवढे निकाल लागले असतील, त्याहून जास्त या टेबलावर लागले होते.

"चिन्हाला हात लावायचा नाही," आप्पा म्हणाले. "दादा, दिवा उतरव."

*

दादाला हे ठाऊक होतं. म्हणजे आज सकाळी दाढी करतानाच ठाऊक होतं. तरीही ऐकलं तेव्हा कानशिलं तापली.

"पुलाच्या नाण्याच्या वेळी चिन्ह तुमचं होतं, म्हणून मी उतरवलं," तो म्हणाला. "आता चिन्ह तिचं आहे, म्हणून पुन्हा मीच उतरवायचं. माझ्या वाटणीची चांदी दरवेळी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढते. आणि तुम्ही तिला नियम म्हणता."

"पूल चांगला झाला होता," आप्पा म्हणाले.

"चांगला? टांकसाळीत अजून मला 'चपटा पूल' म्हणतात! तोंडावर नाही म्हणत, पण चहाच्या टेबलाशी मी पोचलो की सगळे गप्प होतात. मोठ्या पुलाचं नाणं, आणि त्यावर पूल कसा? पट्टीने रेघ मारल्यासारखा. माझं पहिलं नाणं होतं ते, आप्पा."

"आवाज खाली," आत्या एकदम कडाडल्या. "बापाशी बोलतोयस. डोळे गेलेत त्याचे, कान नाही गेले."

म्हणजे आत्याही गेल्या. दादाने मोजणी केली: बहीण समोर, बाप समोर, आत्या आत्ताच उठून पलीकडे जाऊन बसलेल्या. उरली बायको.

"मी तुझ्या बाजूला आहे," बायको हळूच म्हणाली.

"आत्ता तर तत्त्वाच्या बाजूला होतीस."

"तेव्हा आप्पांनी निकाल दिला नव्हता. हा निकाल मला पटलेला नाही." तिने आप्पांकडे वळून म्हटलं, "आप्पा, तुम्ही दोन्ही बाजू नीट तपासल्यासुद्धा नाहीत. नाणं उलटून पाहिलंच नाहीत."

खरं होतं ते. आप्पांनी अंगठा फिरवला होता तो फक्त करकोच्यावर. दादाला ते लागलं होतं, पण कुणी बोलून दाखवल्यावर जास्तच लागलं. तो खुर्ची मागे सारून उठला आणि मागच्या खोलीत निघून गेला. ती खोली म्हणजे घरातली कामाची जागा. खिडकीखाली लांब मेज, त्यावर ताटाएवढे दोन प्लास्टरचे नमुने, पांढरेशुभ्र. यंत्र हेच नमुने लहान लहान करत पोलादात उतरवतं आणि मग त्यांचे नाण्याएवढे ठसे होतात.

तो आपल्या दीपस्तंभापुढे उभा राहिला. दिव्याची काच, तिच्याभोवतीचा कठडा, कठड्यावरचा प्रत्येक गज. हिवाळाभर जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्याने तो उठवला होता. त्याने खरवडणी हातात घेतली.

*

स्वयंपाकघरात दादाची बायको, धाकटीची वहिनी, भांडी घासत होती आणि आत्या पुसत होत्या. म्हणजे पुसल्यासारखं करत होत्या. एकच ताट त्या बराच वेळ गोल गोल पुसत होत्या.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," आत्या म्हणाल्या. "चावलं तर ओरडायचं कुणाच्या नावानं?"

"दाताचं मला सांगू नका, आत्या. सुट्टीचा दिवस आहे."

"तुला म्हणून सांगते, धाकटीवरही मी रागावलेय आणि थोरल्यावरही. एकाने तरी माघार घ्यावी की नाही? इतका कसला तो हट्ट?"

वहिनीने नळ बंद केला. बाहेर कुणी ऐकत नाही ना हे पाहिलं. "हट्ट नाही तो. आत्या, एक सांगते, पण पोटात ठेवा."

"माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गल्लीला माहितीय. तरी सांग."

"त्याच्या पहिल्या चित्रात दिवा इतका खोल नव्हताच. साधाच होता. मग आप्पांचे डोळे बिघडले. तेव्हापासून हा रोज माझी मेणाची हत्यारं घेऊन बसायचा, दाताच्या कामाची, आणि डोळे मिटून बोट फिरवायचा. लागत नाही म्हणायचा, आणि आणखी थोडा उठाव चढवायचा. मी म्हटलं, अरे, इतका कशाला? तर म्हणाला, आप्पांना हे नाणं दिसणार नाहीये, निदान लागू तरी दे. आणि मला शपथ घातली. कुणाला सांगितलंस तर याद राख, म्हणाला. मला दया म्हणून काम केलं असं वाटेल त्यांना."

ताट आत्यांच्या हातात थांबलं.

"काय झालं?"

"तीही," आत्या म्हणाल्या.

"कोण तीही?"

"धाकटी! दुपारी तू दवाखान्यात, थोरला टांकसाळीत, आप्पा आत झोपलेले, आणि ती सुट्टी काढून घरी. माझे डोळे रुमालाने बांधायची आणि माझा अंगठा त्या करकोच्यावर ठेवायची. आत्या, छाती लागते का? मी म्हणायचे, नाही. मग ती आणखी चढवायची. आता लागते? नाही. मलाही गप्प बसवलंय तिने. आप्पांना कळलं तर लाजेने मान खाली जाईल त्यांची, म्हणाली." आत्या स्टुलावर बसल्या. "अगं, आणि मला पहिल्याच दिवशी लागली होती."

"मग नाही का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर उठून कामाला लागावं लागलं असतं. डोळे बांधून, पाय सोडून बसायला बरं वाटायचं. मला वाटलं, खेळच आहे." त्यांचा चेहरा रडवेला झाला. "म्हणजे त्या पक्ष्याची छाती मीच फुगवली की गं!"

वहिनीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दोघांनी एकाच म्हाताऱ्याच्या अंगठ्यासाठी, एकमेकांना पत्ता लागू न देता, एकाच जागी चांदी मागितली होती. चांदी बिचारी पुरणार कुठून? आणि दोन शपथा एकाच ओट्यावर आमनेसामने उभ्या होत्या, अळीमिळी गुपचिळी करून.

"आता सांगायचं का?" वहिनीने विचारलं.

"शपथ आहे."

"मलाही आहे."

"मग असं कर," आत्या म्हणाल्या, "तुझी मी मोडते, माझी तू मोड."

*

धाकटी जिन्यावर बसली होती. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं असं तिने ऐकलं होतं. आप्पांनी नाणं उजवीकडे ठेवलं, आणि आयुष्यभर ज्या उजवीकडची वाट पाहिली ती मिळाल्यावर तिला पहिली गोष्ट दिसली ती दादाच्या कानांचा लालपणा. लहानपणी तिचा पक्षी डावीकडे गेला की हाच दादा रात्री आपला पक्षी तिच्या उशीशी आणून ठेवायचा. "तूच घे, माझा शेपटीत बिघडलाय," म्हणायचा. बिघडलेला नसायचा.

तिने किती वर्षं नुसती अक्षरं कोरली होती! नाण्याच्या कडेकडेने, इतरांच्या चित्रांभोवती. राष्ट्रचिन्ह मिळालं तेव्हा तिने चिन्हाच्या कायद्याचं परिशिष्ट पाठ केलं होतं, चोचीच्या दिशेपासून पिसांच्या संख्येपर्यंत, आणि दादानेच तिची उजळणी घेतली होती.

मागच्या खोलीतून खर्र खर्र आवाज आला.

प्लास्टरवर पातं चालल्याचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. ती धावत गेली. दादा दाराकडे पाठ करून मेजावर वाकला होता आणि त्याच्या कोपराखालून पांढरी भुकटी जमिनीवर पडत होती.

"हात लावू नकोस त्याला!" ती ओरडली. "दादा, माझा करकोचा—"

तो बाजूला झाला. करकोचा होता तसा होता. खरवडला गेला होता तो दिव्याचा कठडा. एका बाजूचे गज निघून तिथं नुसता ओरखडा उरला होता.

धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"सोड," दादा म्हणाला. "आप्पांनी सांगितलंय."

"मी नाही सांगितलं."

"तूच तर तासभर भांडत होतीस."

"भांडत होते. जिंकायचं कुठं होतं मला?" तिने मनगट सोडलं नाही. "एकदा तरी तू म्हणशील, बारके, तुझी छाती छान झालीय, असं वाटत होतं. मग मीच उतरवली असती."

"छान झालीय," दादा म्हणाला. "म्हणून तर राग आला."

तेवढ्यात आत्या ओल्या हातांनिशी दारात आल्या, ते पुसून पुसून झिजलेलं ताटही हातात, आणि मागून वहिनी. "थांबा, गाढवांनो," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. शपथा, मेण, रुमाल, अंगठा. आपला हो-नाहीचा खेळही त्यांनी लपवला नाही, फक्त 'पाय सोडून बसण्याचा' भाग तेवढा गाळला. तो वहिनीने भरून काढला.

दादाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे. दोघांनाही पहिल्यांदा लाज वाटली आणि मग दोघं एकदमच म्हणाले, "आप्पांना सांगू नका."

"आप्पांनी ऐकलंय," आप्पा म्हणाले.

ते भिंतीला हात लावत लावत आले होते आणि दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

*

आप्पांना त्या खोलीतला खिडकीचा उजेडाचा चौकोन तेवढा दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोरांचे खांदे. तोंडं दिसत नव्हती. आज त्याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण त्या तोंडांकडे पाहायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

"मेज कुठाय?" ते म्हणाले.

दोघांनी दोन हात धरून त्यांना नेलं. त्यांनी उजवा तळवा करकोच्यावर ठेवला आणि डावा दीपस्तंभावर, आणि दोन्ही अंगठे एकदम चालू लागले. छाती होती. अशी छाती त्यांनी स्वतः कधी उठवली नव्हती. पिसाखालचं हाड लागत होतं. दिवाही होता. काचेचा फुगार, कठड्याचे गज, आणि मग एकदम खडबडीत ओरखडा. तिथं अंगठा अडकला आणि आप्पांना हुंदका आला. तो त्यांनी दाबला नाही.

आप्पा नाक ओढून पुन्हा चाचपू लागले. आता त्यांचे हात कोरणाऱ्याचे झाले.

"दोन्ही ओझी वरच्या अंगाला आहेत," ते म्हणाले. "खाली काय?"

"माझ्याकडे लव्हाळं," धाकटी म्हणाली. "बारीक."

"माझ्याकडे समुद्र. जवळजवळ सपाट," दादा म्हणाला.

"मग डोक्याच्या पाठीमागे डोकं का लावलंत? एकाच्या डोक्यामागे दुसऱ्याचे पाय येऊ द्यायचे. छातीमागे समुद्र, दिव्यामागे लव्हाळं. चांदीची ओढाताणच उरत नाही."

"तसं कसं चालेल?" दादा म्हणाला. "आपल्याकडे दोन्ही डोकी एका दिशेला असतात. पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटायचं. कायदाच आहे तो."

"कुठल्या कायद्यात?"

धाकटीने डोळे मिटले आणि परिशिष्ट म्हणायला सुरुवात केली. चोच उजवीकडे. पंख पूर्ण उघडे. तारा चोचीहून उंच. चिन्हाच्या माथ्यावर कोणतंही अक्षर असू नये. चिन्ह त्याच्या बाजूवर सरळ उभं असावं. लव्हाळ्याच्या काड्या... ती शेवटापर्यंत गेली, पुन्हा मागे आली, आणि तिने डोळे उघडले.

"नाहीये," ती म्हणाली. "मागच्या बाजूविषयी काही नाहीच त्यात."

"नसणारच. ती माझी खोड आहे." आप्पा मेजाला टेकले. "आधी दोन्ही तऱ्हांची नाणी निघायची. मी कोरणाऱ्यांचा प्रमुख झालो, आणि पान उलटल्यासारखं नाणं उलटलं की माझा करकोचा खाली डोकं वर पाय व्हायचा, ते मला सोसेना. मी दाबयंत्रात खीळ बसवून घेतली, ठसा दुसऱ्या दिशेने बसूच नये म्हणून. माझ्यानंतर आलेल्यांना वाटलं, नियम असेल. तुम्हालाही तेच वाटलं."

दादाने विचारलं, अगदी हळू, "पुलाच्या वेळीही, आप्पा? तेव्हाही ठसा फिरवला असता तर?"

आप्पांना हा प्रश्न येणार हे कळलं होतं. "हो," ते म्हणाले. "पुलाच्या वेळीही. तुझा पूल जसाच्या तसा राहिला असता."

"तुम्हाला तेव्हा सुचलं नाही?"

"नाही सुचलं. आणि सुचलं असतं तरी मी केलं असतं का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. चिन्ह माझं होतं." त्यांनी हात पुढे केला, दादाचा खांदा जिथं असायला हवा होता तिथं तो होता. "मीच तुम्हाला लहानपणापासून डोक्याला डोकं लावून बसवलं, आणि वर विचारलं, ओढाताण का करता म्हणून. चुकलं माझं, बाळा. दोघांच्या बाबतीत चुकलं."

बाळा म्हणवून घेण्याचं दादाचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, आणि तरीही तो हात खांद्यावरून काढू नये असं त्याला वाटत राहिलं.

"आणि हा कठडा?" शेवटी तो म्हणाला. "खरवडून ठेवला मी."

"पोलादाच्या ठशाला काय झालंय?" आत्या म्हणाल्या. "तो टांकसाळीत कुलपात आहे ना? तुझ्यापासून वाचला बिचारा."

*

सोमवारी सकाळी दाबयंत्राच्या मिस्त्रीने पाना हातात घेतला आणि तसाच थांबला.

"आप्पासाहेब, ही खीळ तुम्हीच बसवून घेतली होती. कुणी काढली तर हात तोडीन म्हणाला होतात."

"काढ," आप्पा म्हणाले. "हात माझे तोडू."

समितीच्या अध्यक्षबाई कपाळाला आठी घालून उभ्या होत्या. चिन्हाचा अपमान तर होत नाही ना, असं त्यांनी विचारलं. धाकटीने त्यांना समजावलं, की आपल्या बाजूवर करकोचा सरळच उभा राहतो. फक्त नाणं पान उलटल्यासारखं न उलटता वरून खाली उलटायचं. बाईंनी आपल्या पर्समधलं एक नाणं काढून दोन्ही तऱ्हांनी उलटून पाहिलं, आणि "होऊ द्या" म्हणाल्या.

दादाने ठसा फिरवून बसवला. धाकटीने चकती ठेवली. यंत्राने दाब दिला, आणि दोघं एकदमच वाकले, त्यामुळे कपाळावर कपाळ आपटलं. काही वेळ दोघं कपाळ चोळत नुसते पाहत राहिले. बाईंनीही वाकून पाहिलं, भिंग लावून पाहिलं आणि कपाळावरची आठी सोडली.

नाणं आप्पांच्या हातावर आलं तेव्हा किंचित कोमट होतं. चोच. पंख. आणि मग छाती, भरलेली, हाडासकट. त्यांचा अंगठा तिथं खूप वेळ थांबला. मग जन्मभराच्या सवयीने त्यांनी ते पान उलटावं तसं उलटलं, आणि अंगठ्याला वरच्या बाजूला समुद्र लागला आणि दीपस्तंभ उलटा, खाली डोकं वर पाय. मिस्त्री खुदकन हसला.

आप्पाही हसले. चाचपत खाली गेले. तिथं दिवा होता, काचेच्या फुगारासकट, आणि कठड्याचा एकेक गज मोजून घ्यावा असा.

"दोन्ही भरलेत," ते म्हणाले. "आता खरं सांगायचं तर, दोघांत सरस..."

दादा आणि धाकटी, दोघंही नकळत ताठ उभे राहिले.

आप्पांनी जवळ टेबल आहे का म्हणून हात पुढे केला. टेबल होतं. त्यांनी नाणं उजवीकडे नेलं, मग डावीकडे, आणि मधेच थांबले. नाणं एकच होतं.

"नाही," ते म्हणाले. "राहू दे."

नाणं परत द्यायचं होतं. पहारेकरी तळहात पुढे करून समोर उभा होता. "एक मिनिट हं," असं त्याला म्हणून आप्पांनी ते पुन्हा एकदा उलटलं. या वेळी वरून खाली, सावकाश, कुणी न सांगता.